नाकातली नळी, वॉर्डमधलं फीड आणि त्याचा रोजचा हिशेब

पारिजात (धागाकर्ती)

तोंड, घसा किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी दाखल असलेल्या रुग्णांना काय आणि किती द्यायचं, हे प्रश्न इथे सुटेसुटे येत राहतात. एका जागी माहिती असावी म्हणून हा धागा. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर इतके आहेत की नाकातली नळी, म्हणजे वॉर्डच्या भाषेत आर.टी., माहीत नाही असं गाव सापडणं कठीण. म्हणून चर्चा मुख्यतः नळीच्या फीडची, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ आहाराची ठेवू या.

आधी आकडे. कॅन्सरच्या प्रौढ रुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २५ ते ३० कॅलरी लागतात आणि प्रथिनं किमान १ ग्रॅम, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. ५० किलोच्या माणसाला म्हणजे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. हा आकडा दाखल झालेल्या दिवशीच आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. सोबत वजन किती घटलंय तेही काढा. आधीचं ५८ आणि आजचं ५१ असेल तर ७ भागिले ५८, म्हणजे १२ टक्के. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट झाली की ती गंभीरपणे घ्यायची. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचा आकडा फसवतो, तेव्हा दंड आणि मांड्या किती उतरल्यात ते पाहा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. किती द्यायचं ते कागदावर असतं, पण प्रत्यक्षात किती गेलं ते बहुतेक वेळा कुणीच मोजत नाही. शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा: वेळ, काय दिलं, किती मिली, किती उलटून पडलं, पाणी, शौच. दिवसाला २०० मिलीची ८ फीडं ठरलेली असतात. सकाळचं एक सीटी स्कॅनसाठी राहतं, दुपारचं नातेवाईक औषधं आणायला गेल्यामुळे आणि रात्रीचं रुग्ण झोपला म्हणून. ठरलेल्या १४०० कॅलरींपैकी ८७५ जातात. असं आठवडाभर चाललं तर जखम भरत नाही, आणि फ्लॅप (शस्त्रक्रियेच्या जागी शिवलेला मांसाचा तुकडा) का सुटतोय याचं कारण मग भलतीकडेच शोधलं जातं.

नंदादीप

चांगला धागा, पारिजातताई. सलाईनबद्दल लिहायलाच हवं. "सलाईन चालू आहे ना, मग पोटात नाही गेलं तरी चालेल," हे रोज कानावर येतं. ५०० मिलीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याच्या कॅलरी झाल्या ८५ आणि प्रथिनं शून्य. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये कॅलरीच नाहीत. दिवसाला तीन बाटल्या डेक्स्ट्रोज चढवलं तरी अडीचशेच कॅलरी होतात. सलाईन पाण्यासाठी आणि क्षारांसाठी असतं, ते जेवणाच्या जागी धरू नका.

तीच गोष्ट अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.४ आलं की घरचे घाबरतात आणि महागडी बाटली आणायच्या तयारीला लागतात. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा शरीरातला दाह असला की अल्ब्युमिन आपोआप उतरतं. त्या आकड्यावरून आहार किती मिळतोय ते कळत नाही, आणि बाटली चढवून कुपोषणही भरून निघत नाही.

तुळशीवृंदावन

घरी करायच्या फीडचं नेमकं प्रमाण कुणी देईल का? वॉर्डात प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी नारळपाणी सांगतं, कुणी वरणाचं पाणी, कुणी साबुदाण्याची खीर.

पारिजात

तुम्ही लिहिलेल्या तिन्हींत प्रथिनं फारच कमी आहेत. वरणाचं वरचं पाणी काढलं की डाळ पातेल्यातच राहते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

दिवसभराचं प्रमाण असं. गाईचं किंवा टोण्ड दूध ५०० मिली, साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम, तांदूळ ४० ग्रॅम, मूगडाळ ३० ग्रॅम, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, दोन अंडी, साखर ४० ग्रॅम, तेल ३० मिली. मीठ अर्धा ते पाऊण छोटा चमचा, तेही डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर. सगळं मिळून पाणी घालून १६०० मिली करायचं. साधारण १४०० कॅलरी आणि ५८ ग्रॅम प्रथिनं होतात. अंडी चालत नसतील तर पावडर ८० ग्रॅम करा. प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात, कॅलरी तीसेक कमी होतात.

कृती: तांदूळ-डाळ भरपूर पाण्यात पाच शिट्ट्या काढून गाळ शिजवा. अंडी बारा मिनिटं उकडा; कच्चं अंडं फीडमध्ये कधीच नको. सगळं गरम असतानाच अंड्यांसकट मिक्सरमधून फिरवा आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळा. नाचणीचं पीठ वेगळं, गार पाण्यात कालवून ठेवा.

आता खरी खुबी. गाळलेलं मिश्रण ६०-६५ अंशांवर आलं, म्हणजे बोट बुडवलं तर चटकन काढावंसं वाटेल इतपत गरम असलं, की त्यात हे कालवलेलं पीठ घालून ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. चमच्याला चिकटणारी लापशी ताकासारखी पातळ झालेली दिसेल. मोड आलेल्या धान्यातलं अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करतं, म्हणून घट्टपणा जातो आणि कॅलरी तेवढ्याच राहतात. मिश्रण उकळतं असताना पीठ घातलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. पीठ खमंग भाजलेलं असलं तरी तेच. पातळ झाल्यावर मात्र पाच मिनिटं चांगलं उकळायलाच हवं, कारण मोड आणताना त्यात जंतूही वाढलेले असतात. मग तापवलेलं दूध, पावडर, साखर, मीठ आणि शेवटी तेल घालून परत एकदा फिरवा आणि गाळा.

घरच्या फीडमध्ये सूक्ष्म पोषकद्रव्यं कमी पडतात, त्यामुळे जीवनसत्त्वांचे थेंब किंवा सिरप डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नंदादीप

मिठाचा मुद्दा ठळक करा, ताई. नळीतून चव लागत नाही म्हणून मीठ घालायचं राहून जातं. दूध-साखर-नाचणीवर पंधरा दिवस काढलेला रुग्ण गुंगीत जातो, रक्तातलं सोडियम तपासलं तर ११८ निघतं, म्हणजे फारच कमी. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर धोका आणखी जास्त.

कोरांटी

वॉर्डातल्या परिचारिकेच्या नजरेतून काही गोष्टी, कारण पाककृती उत्तम असली तरी देण्याच्या पद्धतीत घोळ होतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नुसत्या दोन उशा चालत नाहीत, त्यांनी मान वाकते आणि पोट दाबलं जातं. नळीवर नाकपुडीपाशी मार्करने खूण केलेली असावी. ती खूण बाहेर सरकलेली दिसली तर फीड द्यायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. आधी ३० मिली पाणी. मग ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, सिरिंज नळीला जोडा, रुग्णाच्या डोक्यापेक्षा वीतभर वर धरा आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या. २०० मिलीला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने पाच मिनिटांत ढकललं की पोट फुगतं, उलटी होते, आणि आडव्या रुग्णाची उलटी फुफ्फुसात जाते. सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढचं ओता, नाहीतर हवा आत जाते. शेवटी परत ३० मिली पाणी, आणि निदान अर्धा ते एक तास तसंच बसतं ठेवा.

फीड चालू असताना खोकला आला, ओठ निळसर झाले किंवा आवाज घरघरला, तर त्याच क्षणी नळी चिमटून फीड थांबवा.

गोदाकाठ

नळी जागेवर आहे का ते बघायला हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकतात, ते पुरेसं आहे का?

कोरांटी

नाही, गोदाकाठ. नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. नळी नवीन घातल्यावर एक्स-रे काढावा किंवा ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता) तपासावा, ५.५ किंवा त्याहून कमी असला तर पोटात आहे असं धरतात. पँटोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर पीएच वर जातो, मग एक्स-रेच हवा. ग्लासात नळीचं टोक बुडवून बुडबुडे बघण्याचा प्रकारही विसरा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. जीभ, जबडा, स्वरयंत्र किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर नळी निघून आली तर ती वॉर्डात कुणीही परत घालायची नाही. आतले टाके ताजे असतात आणि नळीचं टोक त्यांतून आरपार जाऊ शकतं. थेट सर्जनना कळवा. रात्रीत दोन फीडं चुकली तरी चालतील. नळी निघूच नये म्हणून नाकावरची चिकटपट्टी रोज बदला. तेलकट नाकावर पट्टी टिकत नाही, आधी ओल्या कापडाने पुसून कोरडं करून घ्या.

तुळशीवृंदावन

नळी तुंबली तर कोल्ड्रिंक घालतात असं ऐकलंय.

कोरांटी

नको. आम्लामुळे दुधातली प्रथिनं फाटतात आणि आतला बोळा आणखी घट्ट होतो. कोमट पाणी ५० मिलीच्या सिरिंजने हळूहळू आत-बाहेर करा, पंधरा मिनिटं थांबा, परत करा. लहान सिरिंज वापरू नका, तिचा दाब जास्त असतो आणि नळी फुटू शकते. तार तर कधीच घालायची नाही. तुंबते ती बहुतेक वेळा गोळ्यांमुळे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये कालवतात, तिथेच चुकतं. एकेक गोळी वेगळी, पूड करून १५ मिली पाण्यात, आणि दोन गोळ्यांच्या मधे १०-१५ मिली पाणी. एसआर, एक्सआर लिहिलेल्या (हळूहळू औषध सोडणाऱ्या) किंवा आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, फार्मासिस्टकडून पर्याय मागा. केमोच्या गोळ्या तर घरी किंवा वॉर्डात नातेवाइकांनी अजिबात कुटू नयेत, ती भुकटी कुटणाऱ्याच्याही अंगात जाते.

केवडा

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास उतरलेल्या बाहेरगावच्या लोकांचा विचार करा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर निदान छप्पर तरी असतं, कित्येक जण फुटपाथवरच असतात. फ्रिज नाही, मिक्सर नाही. त्यांनी १६०० मिली एकदम करून ठेवलं तर मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत ते आंबणार. घरचं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रिजमध्येही चोवीस तासच. लागेल तेवढं वाडग्यात काढून, तो वाडगा गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

फ्रिज-मिक्सर नसेल तर एका वेळेपुरतं कोरडं मिश्रण बरं पडतं. पूर्ण सायीच्या दुधाची पावडर २५ ग्रॅम, फुटाण्यांची डाळ दळून मलमलमधून चाळलेलं पीठ १० ग्रॅम, साखर १० ग्रॅम. अशा पुड्या आधी बांधून ठेवा. देताना उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा, तेल एक छोटा चमचा घाला, २०० मिली करा, गाळा आणि लगेच द्या. अडीचशेच्या आसपास कॅलरी, साडेआठ ग्रॅम प्रथिनं. अशी सहा फीडं दिली की १५०० कॅलरी होतात. पावडर, पीठ आणि साखर एकदाच किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या आणि ती किती चमचे भरते ते लिहून ठेवा, कारण प्रत्येकाचा चमचा वेगळा.

पारिजात

केवडादादा, उपयोगी आहे. फक्त मीठ तुमच्याही पुडीत दिसत नाही. डॉक्टरांना विचारून दिवसाचं मीठ सहा पुड्यांत वाटून घालावं. आणि या मिश्रणात पाणी कमी जातं, त्यामुळे आधीच्या-नंतरच्या पाण्याखेरीज दिवसभरात ३००-४०० मिली उकळलेलं पाणी वेगळं द्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

गोदाकाठ

साखरेने कॅन्सर वाढतो म्हणतात. तुम्ही तर ४० ग्रॅम साखर घालताय. गूळ किंवा गव्हांकुराचा रस चालेल का?

नंदादीप

ही भीती खूप घरांत आहे, म्हणून सविस्तर. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं. पण साखर बंद केली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, यकृत ते तयार करतं आणि त्यासाठी स्नायू वितळवतं. झळ बसते ती रुग्णाला. वजन घटणाऱ्या माणसाच्या फीडमधून साखर काढली की १६० कॅलरी जातात, त्या भरून कुठून काढणार? गुळात कॅलरी साखरेइतक्याच, वर कचरा, त्यामुळे नळीला त्रास. गव्हांकुराचा कच्चा रस केमोच्या दिवसांत नको, पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पाल्यातले जंतू महागात पडतात.

मधुमेह असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हाही एकूण कॅलरी कापायच्या नाहीत. साखर काढून तेल आणि डाळ वाढवायची आणि इन्सुलिन जुळवून घ्यायचं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं त्या दिवशी रक्तातली साखर चढतेच. आणि इथे जीवघेणी चूक होते: सकाळी इन्सुलिन दिलं जातं आणि मागोमाग "एनबीएम ठेवा, स्कॅन आहे" असा निरोप येतो, म्हणजे पोटात काही द्यायचं नाही. फीड थांबलं की इन्सुलिनचं काय करायचं, हे त्याच क्षणी विचारायचं. घाम, थरथर, भांबावलेपण दिसलं तर लगेच साखर तपासा.

एनबीएमबद्दलही सांगतो. नेहमीच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हलक्या जेवणासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास पुरतात, पोट रिकामं व्हायला अडथळा नसेल तर. दुधाचं फीड जेवणातच धरायचं. रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवलेले रुग्ण दिसतात, कारण यादीतला नंबर पुढे सरकला हे कुणी कळवलेलंच नसतं. "आमचा नंबर कितवा, तोवर पाणी देऊ का?" हे विचारायला लाजू नका.

अबोली

जिल्ह्याच्या ठिकाणाहून विचारते. रुग्णाचं वजन ३८ किलो, तीन आठवडे फक्त चहा आणि पाणी. आज नळी घातली. घरचे म्हणतात आता भरपूर द्या.

नंदादीप

थांबा, अबोलीताई. नेमक्या अशाच रुग्णाला एकदम पूर्ण फीड देणं धोक्याचं. दहा दिवसांहून जास्त जवळपास काहीच पोटात नसेल, किंवा वजन १५ टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर रिफीडिंग सिंड्रोमची भीती असते. इतके दिवस शरीर चरबीवर चाललेलं असतं. अचानक साखर-पिष्ट आलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पायावर सूज, धाप, नाडी अनियमित, भ्रम. घरच्यांना वाटतं कॅन्सर वाढला.

पहिल्या दिवशी किलोमागे ५ ते १० कॅलरी, म्हणजे १९० ते ३८० कॅलरीच. वरच्या पाककृतीचं फीड असेल तर दिवसाला ४०० मिलीच्या आत, ५० मिलीचे भाग करून. पहिल्या फीडच्या आधी थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व. २०० ते ३०० मिलीग्रॅम रोज देतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आज आणि पुढचे निदान तीन-चार दिवस रोज तपासा. तिथे फॉस्फेट होत नसेल तर नमुना बाहेर पाठवा, पण तपासल्याशिवाय वाढवू नका. चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण प्रमाणावर जायचं.

अबोली

थायमिन लिहून घेतलं. फॉस्फेट बाहेरून होईल. नातेवाइकांना काय सांगू?

कोरांटी

फीडचा डबा सिस्टरांच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येक वेळेला ५० मिली मोजून तिथूनच द्या. त्यांना वही दाखवा: आज ४००, परवा ६००, असं पुढच्या तारखांपुढे आधीच लिहून ठेवा. वाढणार आहे हे डोळ्यांनी दिसलं की चोरून जास्त देणं थांबतं.

गोदाकाठ

फीडमुळे जुलाब होतात तेव्हा बंद करावं का?

पारिजात

लगेच नाही. आधी कारण शोधा. सिरप औषधांत सॉर्बिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असतो, त्याने होतात. अँटिबायोटिकने होतात. फीड थंडगार किंवा फार वेगाने गेलं तर होतात. शिळ्या फीडने आणि न धुतलेल्या सिरिंजने होतात. सिरिंज प्रत्येक वेळी गरम साबणपाण्याने धुवा, सुटी करून वाळवा, आणि वॉर्डाच्या नियमाप्रमाणे बदला. केमोनंतर दूध पचत नसेल तर दोन-तीन दिवस दुधाऐवजी अंड्याचा पांढरा भाग आणि डाळ वाढवून बघा. ताप किंवा शौचात रक्त असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दुसऱ्या बाजूने बघायचं तर, फीडच्या आधी नळीतून ओढून बघितल्यावर १०० मिली परत आलं म्हणून फीड टाळू नये. आलेलं आत सोडा आणि पुढचं द्या. पोट फुगलंय, मळमळ आहे, उलटी होतेय, तेव्हाच थांबून डॉक्टरांना विचारा.

अबोली

लाईट (रेडिएशन) संपत आली आणि नळीशिवाय तोंडानेही थोडं सुरू करायचं असेल तर?

कोरांटी

आधी गिळण्याची तपासणी, स्पीच-स्वॅलो थेरपिस्टकडून. पाणी सगळ्यात अवघड, कारण ते पटकन श्वासनलिकेत जातं. दही-मऊ भातासारखं एकजीव, घट्टसर काहीतरी एक चमचा, हनुवटी खाली ठेवून, तेही थेरपिस्टने सांगितलं असेल तरच. काही रुग्णांना ठसका न लागताच अन्न फुफ्फुसात जातं, म्हणून "खोकला नाही, म्हणजे ठीक" असं धरू नका. तोंड आलेलं असेल तर चिंच, कोकम, तिखट, गरम काही नको. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरायची, गिळायची नाही. तोंडाने काहीही घेत नसेल तरी चूळ आणि मऊ ब्रश सोडायचा नाही. तोंडाने गेलेलं सगळं वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. त्या रकान्यात आणि नळीच्या रकान्यात मिळून ठरलेला आकडा चार-पाच दिवस सलग भरतोय, असं दिसल्यावरच नळी काढायचा विषय डॉक्टरांकडे काढा.